निवडुंग कुणाला म्हणावं

आमच्या माणदेशात निवडुंग ह्या एका शब्दात किती झाडं कोंबलेली आहेत, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. फड्या, तिधारी, साबर, थोर, शेर. बांधावर काटेरी, बिनपानाचं, जनावर तोंड लावत नाही असं काही दिसलं की आपण त्याला निवडुंग म्हणतो आणि पुढं जातो. ज्वारीचं तसं नसतं. मालदांडी वेगळी, दगडी वेगळी, हुरड्याची गूळभेंडी वेगळी. अंधारात दाणे हातावर घेऊन ओळखणारी माणसं मी बघितली आहेत. म्हणजे ओळखायची अक्कल आम्हाला आहे. पण पोटाला न लागणाऱ्या झाडाचं नाव नीट घ्यायला सवड नाही.

सात-आठ वर्षांपासून सूनबाईंनी अंगणात कुंड्या मांडल्या. कुणाच्या घरून आणलेला तुकडा, बाजारातनं आणलेलं रोप, कुणी फेकून दिलेली फुटकी कुंडी. आज पंचवीस-तीस झाल्यात आणि नावाची पट्टी एकीलाही नाही. नातू विचारतो, "आबा, ह्याचं नाव काय?"

"निवडुंग."

"अन् ह्याचं?"

"त्योबी निवडुंगच."

"मग दोघं सारखे का न्हाईत?"

पोराचा प्रश्न दोन बोटांचा, पण उत्तर काही केल्या सापडेना.

माझा एक भाचा शेतकी कॉलेजात शिकलेला आहे. तो आला तेव्हा त्यानं बांधावरचा फड्या आणि तिधारी दोन्ही दाखवून सांगितलं, "मामा, ह्या दोघांचं काही नातं नाही." तिधारीला जरा ओरखडा काढला तर पांढरा चीक भळाभळा आला. फड्याला काढला तर नुसतं बुळबुळीत पाणी. फड्याचे काटे बारक्या लवदार ठिपक्यातनं झुबक्यानं निघतात, तिधारीचे कडेला जोडीनं येतात. असा ठिपका असला की तो खरा कॅक्टस, आणि खरा कॅक्टस बहुधा चीक सोडत नाही. तिधारी निघाला एरंडाच्या कुळातला, ह्या भुईचा जुना रहिवासी. आणि ज्याची लालभडक बोंडं आम्ही लहानपणी दगडावर घासून, कुसं काढून, ओठ लाल होईस्तोवर खाल्ली, तो फड्या अमेरिकेतनं आलेला!

मग दिसायला इतके जवळचे कसे? भाचा म्हणाला, दुष्काळानं. पाणी उडून जाऊ नये म्हणून दोघांनी पानं टाकली, खोडात पाणी साठवलं, खोडच हिरवं केलं, अंगावर काटे घेतले. एक तिकडं, एक इकडं. दोघांची जन्मात गाठ नाही, पण संकट एक म्हणून रूप एक. मला हे लगेच पटलं. दुष्काळी भागातली माणसंही कुठल्याही जिल्ह्यातली असोत, गालफडं बसलेली, डोळे आभाळाकडं. चारा छावणीत उभी केली तर कोण कुठला ते सांगता येत नाही.

पण चिकाची गोष्ट मनात सलत राहिली. रूपावरनं ओळखू नका, चीक काढून बघा, मग कूळ कळतं. आपल्या गावात दुसरं काय चालतं? परका माणूस एस. टी. तून उतरला की पाणी द्यायच्या आधी आपण विचारतो, "गाव कुठलं? आडनाव काय? पाव्हणे कोणचे?" हा ओरखडाच की. माणूस जपून उत्तर देतो, कारण त्याला कळतं की आपल्याला गाव नको आहे, कूळ पाहिजे.

आता झाडाचं कूळ विचारणं वाईट नाही. तिधारीचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी येते. शेराच्या कुपाटीत पोरांनी खेळू नये म्हणून आई ओरडायची ती उगाच नाही. कुठल्या कुंडीला किती पाणी, कुणाला ऊन, कुणाला सावली, हे कुळावरनंच ठरतं. सूनबाई आता चीकवाल्या कुंड्या पोरांच्या हाताबाहेर ठेवतात. म्हणजे ओळख कशासाठी पाहिजे? सांभाळायला. तेवढ्यासाठी विचारलं तर विचारण्यात पाप नाही.

दुसऱ्या कारणानंही ओळख लागते. लाल रंग देणारा किडा पाळावा म्हणून १७९५ साली कंपनी सरकारच्या काळात ब्राझीलहून किडा कलकत्त्याला आणला. किडा ओळखण्यात गफलत झाली. रंगाचा म्हणून आणला तो निघाला दुसराच. रंग चांगला मिळाला नाही, पण त्या किड्यानं निवडुंगाची रानंच्या रानं खाऊन टाकली. मग हेच काम करायला १९२६ साली सिलोनहून दुसरा किडा दक्षिण हिंदुस्थानात मुद्दाम आणला. फडावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो, चिरडला की बोट लाल. तिधारीकडं तो बघत नाही, ज्वारीकडं बघत नाही. फड्याचं कूळ त्याला बरोबर कळतं. कूळ त्यालाही पाहिजे आणि माझ्या सुनेलाही पाहिजे. एकाला खायला, एकीला जपायला. गावात आपण आडनाव विचारतो ते ह्यातल्या कशासाठी, हे ज्याचं त्यानं बघावं.

आमच्या शिवारात धरणात गाव गेलेली आठ घरं वसवली, त्याला चाळीस वर्षं झाली. त्यांची नातवंडं इथं जन्मली, आमच्यासारखंच हेल काढून बोलतात, टँकरमागं आमच्याच पोरांसंगं हंडे घेऊन पळतात. तरी पत्ता सांगताना आम्ही म्हणतो, "धरणवाल्यांच्या वस्तीपाशी." मध्यंतरी नळाची पाइपलाइन टाकायची बैठक झाली. एकजण बोलला, "आधी गावच्या माणसांचं बघू, मग त्यांचं." मी उठून एवढंच म्हणालो, "चाळीस वर्षांत ह्या गावाचा कुठला दुष्काळ त्यांनी चुकवला ते सांगा." कुणी बोललं नाही. पाइप त्या वस्तीवर गेला. नाव मात्र अजून धरणवालेच आहे. पाइपापेक्षा नाव बदलायला जास्त खणावं लागतं.

ओळखीचा पेच एवढ्यावर मिटत नाही, कारण झाड कुळाप्रमाणंच वाढेल असंही नाही. टी.व्ही.शेजारी ठेवलेला एक गोल कॅक्टस उजेडाच्या ओढीनं खिडकीकडं लांबत गेला आणि काकडीसारखा बारीक, फिक्कट झाला. त्याचा जोडीदार बाहेर उन्हात, मुठीसारखा गच्च. एकाच आईची दोन पिलं, शेजारी ठेवली तर कुणी भाऊ म्हणणार नाही. आणखी एकाचा शेंडा एका ठिपक्यात न वाढता ओळीत पसरला, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा नागमोडी. शेजारच्या म्हातारीनं त्याला हळद-कुंकू वाहिलं. दुसरी म्हणाली, करणी आहे, उपटून टाका. भाचा म्हणाला, शेंड्याला इजा झाली, कीड लागली किंवा आतूनच काही बदललं तर असं होतं, नेमकं कारण पुष्कळदा सापडत नाही. आणि दारात शोभेला लावतो ते कोंबड्याचं फूलही असल्याच वाढीचं. एका दारात शोभा, दुसऱ्या दारात करणी. झाडानं फक्त वाढायचं सोडलं नाही.

सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं ते लाल बोंडक्याच्या कुंडीनं. खाली तिधारी हिरवी कांडी, वर लालभडक गोळा. नातवानं नाव ठेवलं लालू. त्या लाल गोळ्यात हिरवेपणाच नाही, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. त्याचं कलम खालच्या कांडीवर बांधलेलं, आणि ती कांडी म्हणजे सांगोल्याकडं सिमेंटच्या खांबांवर चढवतात तो ड्रॅगन फ्रूट. खालचा राबणार, वरचा खाणार, आणि नाव वरच्याचं. पावसाळ्यात खालच्या कांडीला हिरवा फुटवा आला. तो ठेवावा तर सगळा जोर त्यात जाऊन लाल गोळा सुकणार. छाटावा तर राबणाऱ्यालाच छाटलं. मी कात्री घेऊन उभा राहिलो तशी सूनबाई म्हणाल्या, "मामा, छाटा, पण टाकू नका. मातीत खोचा."

फुटवा विहिरीजवळ खोचला. धरला. आता शेवग्याच्या खोडाला मिठी मारून वर चढतोय. फळ येईल का, कधी येईल, ठाऊक नाही. त्याला काय म्हणावं ह्याचा मात्र आता घोर नाही. पाणी घालताना नाव लागत नाही, त्याची तहान किती हे कळलं म्हणजे पुरतं.