चालणे आणि आठवण



पन्नास वर्षे कीर्तन केले. आता घरी चिंतनाला बसलो की प्रमाण ओठांवर येता येता निसटते. नातू म्हणाला, "आजोबा, रोज चाला, आठवण टिकते."

त्याने वाचून दाखवले. अमेरिकेतील १२० वृद्धांचा अभ्यास २०११ साली छापून आला. निम्मे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे चालले. बाकीच्यांनी अंग ताणण्याचे व्यायाम केले. चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग सुमारे दोन टक्के वाढला, इतरांचा थोडा घटला. पण विसरभोळेपणाची तक्रार असलेल्या ५८५ वृद्धांच्या, २०२२ साली छापलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या व्यायामाने स्मरणात ठळक फरक पडला नाही.

आमच्या दिंडीतल्या विणेकरीबुवांनी चाळीस वाऱ्या पायी केल्या. शेवटी पोटच्या मुलाचे नाव विसरले. कोणी म्हणाले, "एवढे चालून काय उपयोग झाला?" तो प्रश्न मला अजून टोचतो.

देह हे भजनाचे साधन. त्याची निगा राखणे आपले काम, म्हणून चालावे. मीही रोज सकाळी देवळापर्यंत जातो. पण पावले मोजून देवाकडे स्मरणाची वसुली मागू नये. आणि जो विसरला, त्याच्या माथी आळसाचा किंवा उण्या भक्तीचा दोष तर मुळीच मारू नये.

शेवटच्या वारीत बुवांचा हात धरून आम्ही चाललो. एकाची आठवण थकली, तर त्याच्या वाटचे दिंडीने आठवावे.