असाध्य व्याधी आणि सेवेचा धर्म

मुंबईतील मोठ्या रुग्णालयात कर्करोगावरचे उपचार थांबवून ‘आता यांना घरी न्या’ असे सांगितले जाते, तेव्हा कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कुटुंबापुढे उभा राहणारा प्रश्न केवळ वैद्यकीय नसतो. आईला किंवा वडिलांना घरी आणणे म्हणजे त्यांना मरणाच्या हवाली करणे होय काय, आणि तसे असेल तर पितृऋण फिटायचे कसे, असा तो धर्माचा प्रश्न असतो. हे ऋण संततीने आणि श्राद्धाने फिटते असे शास्त्र सांगत असले, तरी लोकव्यवहाराने ते आईवडिलांच्या सेवेशी जोडले आहे, आणि सेवा म्हणजे शेवटपर्यंत इलाज असा अर्थ रूढ झाल्यामुळेच जमीन गहाण टाकून अतिदक्षता विभागाचे बिल भरणारा मुलगा कर्तव्यदक्ष ठरतो व घरी घेऊन येणारा हात टेकलेला समजला जातो.

या समजुतीची तपासणी करताना चरकसंहितेतील एक भेद उपयोगी पडतो. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात असाध्य व्याधींचे दोन भाग केले आहेत: याप्य, म्हणजे मुळासकट न जाणारा पण पथ्यऔषधाने काबूत राहणारा, आणि प्रत्याख्येय, म्हणजे आपल्या हातचे नाही असे सांगून वैद्याने सोडून द्यावा असा. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याची विद्या, यश आणि धन यांची हानी होते, असा इशाराही तेथे आहे. खोट्या आशेवर पैसा काढणाऱ्यांपासून रोग्याचे रक्षण करणारा म्हणून तो मोलाचा आहे, परंतु रोग सोडून देणे आणि रोगी सोडून देणे यांतील अंतर त्यात स्पष्ट होत नाही. सिसिली साँडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सुरू केलेले सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस आणि 1986 साली वांद्र्याला उभे राहिलेले, भारतातील पहिले मानले जाणारे शांती अवेदना सदन यांचा पाया नेमका या अंतरावर आहे. उपशामक सेवा, म्हणजे रोग बरा होत नसताना वेदना, धाप, मळमळ, भीती आणि एकाकीपण कमी करणारी शुश्रूषा, ही उपचार संपल्यावर उरलेली पोकळी नसून तो स्वतंत्र उपचार आहे.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो श्रद्धाळू घरांत गंभीरपणे घेतला जातो. कर्मसिद्धान्तानुसार साठलेले कर्म ते संचित, त्यातून फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध आणि आज घडत असलेले ते क्रियमाण. यांपैकी प्रारब्ध भोगूनच संपते, तर वेदना शमवणे म्हणजे भोग पुढे ढकलणे नव्हे काय? या युक्तिवादात एक घोटाळा आहे. प्रारब्धाचा विचार दुःख सोसणाऱ्याला स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्यासाठी दिलेला आहे, पाहणाऱ्याला हात बांधून बसण्याची मुभा म्हणून नव्हे, कारण पाहणाऱ्याने काय केले ते त्याचे स्वतःचे क्रियमाण असते. दारी आलेल्या भुकेल्याला त्याचे प्रारब्ध विचारून कोणी परत पाठवीत नाही. मॉर्फिनने आयुष्य घटते किंवा व्यसन लागते ही भीतीही अशीच निराधार आहे, कारण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेच्या प्रमाणात मात्रा वाढवत नेली तर सहसा यांपैकी काहीच घडत नाही. मात्र दुखू लागण्याची वाट न पाहता मॉर्फिनची साधी गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यावी लागते आणि सोबत पोट साफ होण्याचे औषधही द्यावे लागते. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन ही गोळी ठेवण्याचे नियम सुटसुटीत झाले, पण ती मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळत असल्याने कर्जतहून ती आणायला जाणारा लोकलचा लांबचा प्रवास हाही सेवेचाच भाग ठरतो.

सर्वांत कठीण प्रसंग अन्नाचा असतो. ‘पोटात काही गेलेच नाही’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांना खाऊन टाकते, आणि म्हणून चमच्याने पेज भरवण्याचा आग्रह होतो. वास्तविक मृत्यू जवळ आलेल्या शरीराची भूक आपोआप मंदावते, आणि बळे भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी परिचारिका ओल्या कापसाने ओठ आणि जीभ भिजवायला शिकवते, आणि मुखी गंगाजल व तुळशीपत्र ठेवण्याच्या परंपरेशी या कृतीचा कोणताही विरोध नाही.

चरकाने परिचारकाला चिकित्सेच्या चार पायांपैकी एक मानले असून त्याचे उपचारज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण सांगितले आहेत. नुसत्या मायेने भागत नाही, हे त्यावरून उघड होते. दर दोन तासांनी कूस बदलणे, कॅथेटरची पिशवी रिकामी करणे, शय्याव्रण धुणे ही कामे शिकावी लागतात. खोपोलीजवळच्या साजगावी, ज्याला या भागात धाकटी पंढरी म्हणतात, कार्तिकी यात्रेला जमणाऱ्या भाविकाला पुंडलिकाची कथा पाठ असते, आणि त्या कथेत आईबापांचे पाय चेपणारे हात मुलाचेच आहेत. प्रत्यक्षात ही कामे बहुधा सुनेकडे किंवा माहेरी आलेल्या लेकीकडे येतात आणि श्रावणबाळ म्हणून कौतुक मुलाचे होते. पुंडलिकाचे नाव घेऊन चाललेला हा अन्याय आहे, तो तसाच म्हटला पाहिजे.

शेवटचा प्रश्न रुग्णाच्या इच्छेचा. शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न आणि औषध नाकारले व 15 नोव्हेंबरला देह ठेवला. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात, पण तो त्यांचा स्वतःचा होता. याउलट, आयुष्यभर शेतीवाडीचे निर्णय घेतलेल्या बापापासून त्याच्या आजाराचे नाव मायेपोटी लपवले जाते, आणि त्यामुळे देणीघेणी मिटवणे, वाटणी करणे, दुरावलेल्या भावाला बोलावणे, पुन्हा रुग्णालयात न नेण्याविषयी सांगणे, हे सारे त्याच्या हातून सुटते. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी अशी इच्छा आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सोपी करून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर आणली. पण ते रुग्णाने समज शाबूत असताना, आजार ठाऊक असताना करायचे असते, मुलाला ते त्याच्या वतीने करता येत नाही.