परक्याचे दुःख



मिसर देशात आपण परके होतो हे स्मरून परक्याला जपावे, ही आज्ञा तोरात 36 वेळा आली आहे, असे आपले रब्बी सांगतात. एकदा सांगून भागले नसते का? शाळेत आयुष्य घालवल्यावर आम्हांला एवढे कळले, की जो धडा अंगवळणी पडत नाही, तोच पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

हा धडा अवघड का, हे मेंदूचे शास्त्रही सांगते. 2004 साली लंडनमध्ये टानिया सिंगर यांनी 16 जोडप्यांवर प्रयोग केला. विजेचा चटका जोडीदाराच्या हाताला बसे. पण स्वतःच्या वेदनेचा त्रास जाणवणारे मेंदूचे काही भाग बाईच्याही डोक्यात जागे होत. कळवळा नुसता शब्द नव्हे. मात्र 2009 साली बीजिंगमध्ये दिसले, की सुई परक्या वंशाच्या चेहऱ्याला टोचली तर पाहणाऱ्याच्या मेंदूची ही हालचाल मंदावते.

याचा अनुभव आम्ही इथे मॉरिसव्हिलमध्ये घेतला. गावात आपल्या देशाचे लोक पुष्कळ. क्रिकेटचे मैदान आहे, हिंदू मंदिर आहे. पण शेजारचे तेलुगू कुटुंब आम्हांला परकेच होते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या दारी रात्री रुग्णवाहिका आली. आम्ही पडदा सारून पाहिले, आणि पडदा पुन्हा ओढून घेतला. सकाळी कळले, घरधनी गेले.

तेव्हा आम्हांला लाज वाटली. शोकाच्या घरचे पहिले जेवण शेजाऱ्यांनी द्यावे, ही आपली रीत. आम्ही खिचडी घेऊन गेलो. त्या बाईंना मराठी येत नाही, आम्हांला तेलुगू येत नाही. इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट जमिनीवर बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. बोलू लागले तेव्हा चुकले. आम्हीही मुकाट बसलो. थोड्या वेळाने बाईंनी आमचा हात धरला. आता दर शुक्रवारी दिवे लावण्याआधी आम्ही त्यांच्याकडे डोकावतो.

ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा परक्या वंशाच्या लोकांशी रोजचा संबंध अधिक, त्यांचा मेंदू त्या लोकांच्या वेदनेला अधिक साद देत होता. म्हणजे मन आपोआप मोठे होत नाही, जाण्यायेण्याने होते. म्हणूनच परमेश्वराने ही गोष्ट आपल्या लहरीवर सोडली नाही, आज्ञा केली.

या शाब्बाथपूर्वी प्रत्येकाने एक परके दार ठोठवावे. आमेन.