मातेराचे अंगण

दक्षिण इटलीतील मातेरा येथील, चुनखडीच्या कड्यात कोरलेली ‘सास्सी’ ही घरे पाहून आम्ही हरखलो. परंतु याच गुहांत माणसे व जनावरे एकत्र राहत. हिवतापाने मुले दगावत. १९५२ च्या कायद्यानुसार सुमारे १५,००० रहिवासी नव्या वसाहतींत हलविले गेले. १९९३ साली तीच वस्ती जागतिक वारसा ठरली. आज तेथे पर्यटक पैसे मोजून मुक्काम करतात.

लोकांना हलविणे चूक होते काय? तसे आम्ही म्हणणार नाही. मात्र अनेक घरांना मिळून असलेले सामाईक अंगण त्यात मोडले. शासकीय सेवेत आम्हीही स्थलांतराच्या आदेशांवर सह्या केल्या. पक्के घर दिले, की कर्तव्य संपले, असे तेव्हा वाटे. अंगणाविषयी कोणास विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.