शेत राखणारा तोच क्षेत्रज्ञ



आजचं चिंतन गीतेच्या 13 व्या अध्यायाच्या सुरुवातीवर. भगवंत तिथे शरीराला 'क्षेत्र' म्हणतात, आणि त्याला जाणणाऱ्याला 'क्षेत्रज्ञ'. क्षेत्र म्हणजे शेत. लातूर-नांदेडकडच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. कुठे पाणी साचतं, कुठे जमीन हलकी आहे, हे ज्याला माहीत त्यालाच आपण शेतकरी म्हणतो.

पण आपण काय करतो? "देह नश्वर आहे" म्हणतो आणि क्षेत्र ओलांडून थेट आत्म्यावर पोचतो. आज जरा क्षेत्रातच थांबूया.

माझी एक मावशी अहमदपूरकडची. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. पेढे वाटले. सगळे म्हणाले, "सुटलीस बाई!" तिचं खरं अवघड वर्ष तिथून सुरू झालं. ऑपरेशनच्या बाजूचा हात जड व्हायचा, बांगड्या रुतायच्या. चार भाकरी थापल्या की बसावं लागायचं. फोनवर म्हणाली, "हात लई दुखायलाय लेकरा, पण कुणाला सांगू? पोरांनी एवढा खर्च केलाय." वर भावकीतलं कुणीतरी बोलून गेलं, "मागच्या जन्मीचं असेल काहीतरी."

मंडळी, याच अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. त्यात नम्रता आहे, अहिंसा आहे, क्षमा आहे. आजारी बाईला मागचा जन्म ऐकवणं यातल्या कशात बसतं? कर्माचा सिद्धांत माझं पुढचं पाऊल नीट पडावं म्हणून आहे, दुसऱ्याच्या दुखण्याचा निकाल लावायला नाही. त्याच यादीत आणखी एक लक्षण आहे: जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांतलं दुःख नीट पाहणं. म्हणजे आजाराकडे डोळे उघडे ठेवून बघणं, त्याबद्दल विचारणं, समजून घेणं हेसुद्धा ज्ञानच. त्यात लाज कसली?

मावशीला पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातला द्रव नीट वाहून जात नाही, म्हणून सूज येते. लवकर दाखवलं तर व्यायाम आणि दाबपट्टीने ती आटोक्यात राहते. त्या हाताला चटका, जखम होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर अंगावर काढायची नाही. काहींना हार्मोनच्या गोळ्या 5 वर्षं, कधी 10 वर्षंही घ्याव्या लागतात. अंगातून वाफा निघाल्यासारखं झालं, सांधे दुखले, तरी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. तपासणीच्या तारखा पाळायच्या. आणि हा रोग स्पर्शाने पसरत नाही, ताट-तांब्या वेगळा ठेवायचं काहीच कारण नाही. एवढं कळल्यावर मावशीचा आवाज बदलला. सूज एका दिवसात गेली नाही, पण भीती निम्मी झाली.

माहितीने खरंच फरक पडतो का? बार्शीला बघा. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत 1987 पासून कॅन्सरची ग्रामीण नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यातच दवाखान्यात यायला लागल्या. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. नुसतं कुणीतरी येऊन नीट सांगितलं.

आता एक नाजूक गोष्ट. स्तन काढल्यावर कित्येक जणी आरशासमोर उभ्या राहत नाहीत, हळदी-कुंकवाला जात नाहीत. "मी आता अर्धी राहिले," असं वाटतं. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: आपल्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर आठवा. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ. गाभाऱ्यात रेणुकामातेचं फक्त मुख आहे, सर्वांग मूर्ती नाही. तिच्यापुढे उभं राहून "देवी अपुरी आहे" असं कधी कुणाच्या मनात आलंय? आपण तिला पूर्ण आई म्हणूनच हात जोडतो. मग घरातल्या आईकडे बघताना नजर का बदलावी?

तुम्ही तरुण आहात, पुण्या-मुंबईत आहात, फोन हातात आहे. म्हणून आजचा संकल्प सोपा. गावाकडे अशी कुणी मावशी, काकू, आत्या असेल तर आज फोन करा. "बरी आहेस ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो" एवढंच येतं. "हात कसा आहे? झोप लागते का? पुढची तपासणी कधी आहे?" असं विचारा. तिचे प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि जमलं तर तपासणीला सोबत जा. तिच्या क्षेत्राची राखण करायला तिला एक जोडीदार मिळेल. मला तरी आज यापेक्षा वेगळी पूजा सुचत नाही.

हे पांडुरंगा, जिने दुखणं सोसलं तिला बोलायचं बळ दे, आणि आम्हाला ऐकायचं.

राम कृष्ण हरी!