भयाचा आश्रय, भयाचे आलंबन

अल्पखर्ची भयपटांत आदिवासी, दलित, वृद्ध स्त्रिया यांना कितपत स्थान मिळते, असे विचारले की चर्चा बहुधा पात्रांच्या मोजदादीवर येऊन थांबते. मोजदाद निरुपयोगी नाही. परंतु खरा नैतिक पेच तिच्या हाती लागत नाही. रसचर्चेत ज्याच्या ठायी भय उपजते तो आश्रय आणि ज्याच्यामुळे उपजते ते आलंबन, असा भेद केला जातो. प्रतिनिधित्वाचा प्रश्न हा या दोन जागांच्या वाटणीचा प्रश्न आहे.

श्याम व तुलसी रामसे यांचा ‘वीराना’ (1988) घ्यावा. जंगलात वावरणाऱ्या चेटकिणीला ठाकुराचा भाऊ पकडतो. तिला फाशी दिली जाते. पुढे ती ठाकुराच्या घरातील मुलीचा ताबा घेते. म्हणजे संशय खरा होता, इतकेच नव्हे तर शिक्षा अपुरी पडली, असे कथानकच सिद्ध करते. या चित्रप्रकारात आरोप सहसा खोटा ठरत नाही. शंका घेणाराच तोंडघशी पडतो.

‘ही अखेर करमणूक आहे’ हा युक्तिवाद चंद्रपूर-गडचिरोलीत उच्चारणे अवघड आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील स्त्री-पुरुषांना, त्यांत वृद्धही होते, खांबांना बांधून मारहाण झाली. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयाने एक स्त्री व एक पुरुष जिवंत जाळले गेले. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून होताच. हे चित्रपटांमुळे घडले असे म्हणणे उथळपणाचे होईल. असा संशय चित्रपटाहून कितीतरी जुना आहे. साम्य कार्यकारणाचे नाही, रचनेचे आहे. दोन्हीकडे जमाव हा आश्रय, आणि बांधलेली व्यक्ती केवळ आलंबन. वस्तुतः त्या क्षणी सर्वाधिक भय कोणाच्या ठायी असेल?

अभिनवगुप्ताने भयानकाच्या आस्वादासाठी घेतलेले उदाहरण येथे आठवते. ते ‘शाकुंतला’तील बाणाच्या धास्तीने पळणाऱ्या हरिणाचे आहे, धनुष्य ताणलेल्या दुष्यंताचे नव्हे. साधारणीकरणात ते भय त्या एका हरिणाचे उरत नाही, हे खरे. पण आपल्यापर्यंत ते पोचते ते शिकार होणाऱ्याकडूनच. ‘वीराना’तल्या फासाखालच्या स्त्रीच्या भयाची कथेला गरजच वाटत नाही. जे आश्रयच पावले नाही त्याचे साधारणीकरण कसे व्हावे?

तुटपुंज्या भांडवलाची सबब पुढे केली जाते. जंगल, ढोल, मोकळे केस ही तयार चिन्हे स्वस्तात काम भागवतात, हे मान्य. परंतु विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ला (2017) उसाचे शेत आणि एक घर यांखेरीज फारसे काही लागलेले दिसत नाही. तेथे भुतांच्या आडून मुलींच्या हत्यांचा इतिहास उघड होतो, आणि भयाचा रोख जिवंत माणसांकडे वळतो.

आरोपित स्त्रीलाच आश्रय केले, तर अतिमानुषाची गरज उरणार नाही आणि भयपटाचा सामाजिक चित्रपट होईल, असा आक्षेप संभवतो. मला तो पटत नाही. ती स्त्री गावाच्याच श्रद्धाविश्वात वाढलेली असते. चेटूक असते, हे तिलाही मान्य असते. विवेकवादी चित्रपट तिला निर्दोष ठरवील, पण तिची ही श्रद्धा तिच्याकडून काढून घेईल. सारे गाव बोट दाखवू लागल्यावर रात्री एकटी असताना ‘मी खरोखरच तशी असेन तर?’ हा प्रश्न तिला पडू शकतो. आणि तो दाखवायला भयपटच हवा.