‘येतो’ म्हणून गेलेला

आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. लहानपणी एकदा शाळेला निघताना मी ‘जातो गं’ म्हणालो, तेव्हा आजीने मला उंबऱ्यावरून परत बोलावले, पाटावर बसवले, घोटभर पाणी प्यायला दिले आणि ‘येतो’ म्हणायला लावून मग सोडले. शाळा घरापासून दोनशे पावलांवर होती. तेवढ्यात काय व्हायचे होते कोण जाणे! पण आजीचा हिशेब पावलांचा नव्हताच. निघणाऱ्याने परतण्याचा शब्द आधी देऊन ठेवायचा, असा तिचा दंडक होता.

गेल्या मे महिन्यात हा शब्द देऊन मी चोवीस दिवस घराबाहेर होतो. निघताना सौभाग्यवतीने हातावर दही घातले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिशात पाचशेची नोट कोंबली. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि वीस वर्षे पगार घेतो आहे, या गोष्टी अण्णांच्या हिशेबात बसत नाहीत. आणि मी मित्राच्या जीपमध्ये जाऊन बसलो.

ही जीप आमच्या नाशिकचीच लेक. महिंद्रांची ‘थार’ इथेच तयार होते. नाव वाळवंटाचे आणि जन्म गोदाकाठचा! माझ्या मित्राने उमेदीची वर्षे सातपूरच्या कारखान्यांतून काढली, निवृत्तीचे पैसे हाती आले तसे त्याने पहिले काम हे केले, की ही गाडी घेतली आणि मला म्हणाला, “मास्तर, इथल्या गाड्या हिमालयात जातात म्हणून नुसतंच ऐकत आलो. एकदा आपण घेऊन जाऊ.” मी चित्रकलेचा मास्तर. सुट्टी होती, आणि हिमालयाचे निळे रंग मी मुलांना आजवर केवळ अंदाजाने शिकवत आलो होतो. निघालो.

आग्रा रोडने धुळे, सेंधवा, खलघाटाला नर्मदा. पुढे इंदूर, दिल्ली, सिमला. मग सतलजच्या काठाकाठाने किन्नौर आणि तिथून स्पीतीचे खोरे. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ पाहिला. बाहेरून साध्या मातीच्या भिंती, आणि आत शिरावे तो अंधारातून हळूहळू उमटत जाणारी चित्रे. नवव्या दिवशी मी तिथे तीन तास बसून होतो. त्यानंतर काझा, साडेचार हजार मीटरांहून उंच असा कुंझुमचा घाट, चंद्रा नदी, मनाली आणि परत. पण प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा इरादा नाही. दिवाळी अंकांत ती पुष्कळ असतात, आणि बहुतेक सगळी लेखक घरी पोचण्याच्या आधीच संपतात. मला सांगायचे आहे ते घरी पोचल्यानंतरचे.

मात्र वाटेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. कुंझुम उतरल्यावर चंद्रेच्या काठाने जाणारा रस्ता म्हणजे नुसता दगडगोट्यांचा पसारा. डोंगरावरून येणारे नाले त्याला जागोजाग आडवे जातात. तिथला शहाणा माणूस नाले सकाळी ओलांडतो. कारण दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते आणि सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी मांड्यांना लागते. आम्ही शहाणे नव्हतो. दुपारी अडीच वाजता एका नाल्यात गाडीचे पोट दगडावर बसले. मित्राने लिव्हर ओढून चारही चाकांना जोर लावला. चाके हवेत आणि पाण्यात गरगर फिरली. पाणी दाराच्या फटीतून आत आले आणि माझ्या पोटऱ्यांपर्यंत चढले. चार तासांनी एका ट्रकवाल्याने दोर लावून आम्हांला बाहेर खेचले. त्या चार तासांत मी देवाचे नाव घेतले, घरचे सगळे चेहरे आठवले आणि अर्ध्या लिहून राहिलेल्या कादंबरीचा शेवट काय करायचा याचाही विचार केला. (हे शेवटचे मी घरी अजून सांगितलेले नाही.)

मनालीला पोचल्यावर फोन लावला. “रस्ता अगदी उत्तम आहे. काळजी करू नका,” मी म्हणालो.

“इकडेही सगळं उत्तम आहे,” पलीकडून उत्तर आले.

परतताना तापी ओलांडली, मालेगाव मागे पडले आणि चांदवडच्या घाटात मृगाचा पाऊस भेटला. ओल्या मातीचा वास, पिंपळगावाजवळ कांद्याचा उग्र वास. मला एकाएकी भरून आले. दूरवर हिंडून आलेल्या माणसाच्या मनात एक छोटासा दरबार भरलेला असतो. आपण दारात उभे राहू, सगळे धावत येतील, आपल्यावाचून घर कसे ओस पडले होते ते सांगतील, आणि मग आपण नाल्याची गोष्ट सांगू, जरा वाढवून. माझाही दरबार द्वारका चौकापर्यंत उत्तम चालला होता.

दारात कन्येने पायांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत गेलो तर अण्णा झोपाळ्यावर बसलेले, आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “ये. गाडी दमली असेल,” म्हणाले.

न्हाणीघरात पाय घसरून मनगटाचे हाड मोडले होते. पंधरा दिवस झाले होते. मी बोटांवर मोजले. नववा दिवस. सकाळी अकराचा सुमार. मी ताबोच्या मठात चित्रांपुढे बसलो होतो.

“मला कळवलं का नाही?”

“कळवून तू काय केलं असतंस?” अण्णा म्हणाले. “हाड बसवायला डॉक्टर होता. रिक्षा आणायला शेजारी होते. तू तिथे नद्या ओलांडत होतास. पाण्याकडे बघितलं असतंस, की माझ्या हाताकडे?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. नाल्याची गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही.

वाचकहो, मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. नीतिशास्त्राचे ग्रंथ मला ठाऊक नाहीत. पण त्या रात्री जो प्रश्न माझ्या उशाशी येऊन बसला, तो काही केल्या उठेना. दूर गेलेल्या माणसाला घरच्या दुःखाचा वाटा मागण्याचा हक्क उरतो का? आणि घरच्यांना, प्रेमापोटी का होईना, तो वाटा परस्पर गिळून टाकण्याचा हक्क आहे का?

पूर्वी हा प्रश्न असा उभाच राहत नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून उत्तरेकडे गेले, बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, पुन्हा पुन्हा लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्या पाण्याने त्यांनी आईबापांना स्नान घातले. १९०७ साली छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात हे सारे आहे. त्यांच्या आईबापांना मुलगा जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि मुलालाही घरचे कळत नव्हते. पण त्यात कोणाचा दोष नव्हता. न कळणे हे तेव्हा नशीब होते. आता खिशात फोन असतो. आता न कळवणे हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि निर्णय म्हटला की त्याचा जाब आला.

जाब मागायला मी निघालो खरा, पण पहिलाच साक्षीदार माझ्या विरुद्ध फुटला. मनालीहून ‘रस्ता उत्तम आहे’ म्हणणारा कोण होता? एकाच तारेवरून दोन खोटी बोलणी एकमेकांना ओलांडून गेली होती. दोन्ही प्रेमाचीच. पण ती सारखी होती असे म्हणायला माझे मन घेत नाही. मी लपवले ते हौसेने ओढवून घेतलेले संकट. त्यांनी लपवले ते न मागता दारात आलेले. मी लपवताना माझी प्रतिष्ठाही राखत होतो. दुपारी अडीच वाजता नाल्यात गाडी घालणारा मूर्ख हे नाव मला नको होते. त्यांना राखण्यासारखे काय होते?

होते. ते मला आठवडाभराने कळले. एका रात्री भांडी विसळता विसळता सौभाग्यवती म्हणाली, “तुमचा विरस होऊ नये म्हणून सांगितलं नाही, हे खरंच आहे. पण तेवढंच नाही. तुम्ही नसताना मला हे निभावतं का, ते मला बघायचं होतं. निभावलं.” जरा थांबून ती पुढे म्हणाली, “आणि रागही होता थोडा. तुम्ही फोनवर बर्फाचं वर्णन करत होता, आणि मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने अण्णांना भरवत होते.”

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या दुःखाचे खरे मूळ तेव्हा मला दिसले. अण्णांचा हात मोडला याचे दुःख होतेच. पण त्याच्याखाली दुसरे एक होते, आणि ते फारसे शोभणारे नव्हते. माझ्यावाचून चालले होते! घराने माझी जागा रिकामी ठेवून वाट पाहिली नव्हती. तिथे शेजारी, कन्या, रिक्षावाला अशी माणसे बसवून घर पुढे निघून गेले होते. आणि सगळे सुखरूप चालले म्हणून आनंद मानण्याऐवजी मी जाब विचारत होतो.

आम्ही नाशिककर रामाला वनवासातला म्हणून ओळखतो. पंचवटीतून त्याचे घर दूरच होते. पण वाल्मीकींनी परतणाऱ्या रामाची एक गोष्ट सांगितली आहे, ती त्या दिवसांत मला फार आठवली. लंका जिंकली, चौदा वर्षे संपली, आणि अयोध्या जवळ आल्यावर रामाने हनुमंताला पुढे पाठवले. भरताला आपण येत असल्याची वार्ता सांग, आणि ती ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहा, असे त्याला सांगितले. राज्य इतकी वर्षे हाती राहिले तर कोणाचेही मन त्यात गुंतेल. भरताचे गुंतले असेल तर त्याने खुशाल राज्य करावे. लोक याला रामाचा संशय म्हणतात. मला तो संशय वाटत नाही. मागे राहिलेल्याने जे सांभाळले ते त्याचे झाले असेल, हे मानूनच घरात पाऊल टाकण्याची ती रीत असावी. माझ्याजवळ हनुमंत नव्हता, पण फोन होता. आणि त्यावर मी चोवीस दिवस कोणाचा आवाज नीट ऐकला नव्हता. नीट ऐकला असता, तर ‘इकडेही सगळं उत्तम आहे’ या वाक्यातला ‘ही’ मला तेव्हाच खटकला असता. चांगल्या कानाच्या माणसाला एवढे पुरते. मी तर कादंबऱ्या लिहितो. संवाद लिहिण्यात माझा हातखंडा आहे असे म्हणतात!

मित्राला मी हे सारे सांगितले तेव्हा तो गाडीखाली पडून चिखल खरवडत होता. तो म्हणाला, “मास्तर, चारही चाकांचा जोर चिखलापुरता असतो. डांबरी रस्त्याला लागलं की लिव्हर मागे घ्यायचा. चिखलात चाकं थोडी घसरतात म्हणून खपून जातं. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी. त्यांना एकाच ओढीत बांधलं की टायर घासतात, आतले दाते एकमेकांना पीळ घालतात. गाडी वळायलाच मागत नाही.” तो गाडीबद्दलच बोलत होता. तो नेहमी गाडीबद्दलच बोलतो. पण मी घरी आल्यापासून रोज सकाळी अण्णांचे औषध, दूधवाल्याचा हिशेब, कन्येची शिकवणी या सगळ्यांत एकदम जोर लावत होतो, आणि घर वळायला मागत नव्हते, हे मला त्याच्या टायरांवरून उमगले. दुसऱ्या दिवशी औषधाची डबी मी मुकाट्याने सौभाग्यवतीच्या हाती परत दिली.

तरीही एक गोष्ट मी सोडायला तयार नाही. ‘विरस नको’ या शब्दांचा मला आता धाक वाटतो. त्या नवव्या दिवशी काढलेली छायाचित्रे माझ्याजवळ आहेत. एकात मी मठाच्या दारात हसतो आहे. ते हसू खोटे नव्हते, भिंतीवरची चित्रेही तितकीच सुंदर होती. तो आनंद चोरीचा होता असे मी म्हणणार नाही. पण तो छायाचित्रातला माणूस मला परका वाटतो. त्याला काही ठाऊक नाही. त्याच्या घरच्यांनी त्याला पाहुण्यासारखा वागवला आहे, आणि पाहुण्याला घरचे काही सांगत नाहीत. ‘येतो’ म्हणून गेलेल्या माणसाला बातमी न कळवणे म्हणजे त्याने दिलेला शब्द त्याच्याकडून परत काढून घेणे होय. तो आला असता की नसता, हा पुढचा प्रश्न. कदाचित मी आलोही नसतो. कदाचित तिकडूनच ‘डॉक्टर चांगला आहे ना?’ एवढे विचारून मी कुंझुम चढलो असतो. मग मी कोण आहे ते मला तरी कळले असते.

मी हे अण्णांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “म्हणूनच सांगितलं नाही,” ते म्हणाले.

जुलैत प्लास्टर निघाले. मनगट अजून पुरते वळत नाही. दर नरकचतुर्दशीला पहाटे अण्णा स्वतः माझ्या पाठीला उटणे लावतात. यंदा डाव्या हाताने लावणार म्हणतात. आणि कार्तिकी एकादशीनंतर सौभाग्यवती आपल्या दोन बहिणींबरोबर नर्मदा परिक्रमेला निघाली आहे. बसने, अठरा दिवस. ती एकटी घराबाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. परवा फराळाच्या चकल्या पाडता पाडता तिने मला विचारले, “मी तिकडे असताना इकडे काही कमीजास्त झालं, तर सांगाल ना मला?”

“सांगेन,” मी म्हणालो.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली घेतले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा वाचू लागले.